खाण्याच्या प्रवृत्ती मोजणारी प्रश्नावली आणि वजन : या सहसंबंधातून नेमके काय सिद्ध होते?

रानजाई

नमस्कार. मी आहारशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुण्यातील २५ ते ५० वयोगटातील नोकरदार स्त्री-पुरुषांच्या खाण्याच्या प्रवृत्तींचा त्यांच्या वजनाशी काही संबंध लागतो का, हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. त्यासाठी मार्गदर्शक बाईंनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये तयार झालेली आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेली ‘अ‍ॅडल्ट ईटिंग बिहेवियर क्वेश्चनेअर’, म्हणजे एईबीक्यू, ही प्रश्नावली सुचवली. ज्यांना ती परिचित नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तीत ३५ विधाने असतात आणि प्रत्येकापुढे ‘अजिबात सहमत नाही’ ते ‘पूर्णपणे सहमत’ असे पाच पर्याय असतात. विधानांचे आठ उपघटक आहेत. भूक, अन्न समोर आले की खावेसे वाटणे, खाण्यातला आनंद आणि मन अस्वस्थ असताना जास्त खाल्ले जाणे हे चार अन्नाकडे ओढणारे. तर लवकर पोट भरणे, मन अस्वस्थ असताना अन्न न जाणे, चोखंदळपणा आणि सावकाश जेवणे हे चार अन्नापासून मागे खेचणारे.

मूळ अभ्यासात पहिल्या गटातील काही उपघटकांचे गुण जास्त असलेल्यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा निर्देशांक) किंचित जास्त, तर लवकर पोट भरणाऱ्यांचा आणि सावकाश जेवणाऱ्यांचा किंचित कमी आढळला होता. माझ्या तीन शंका आहेत. हेच निष्कर्ष मला पुण्यात मिळाले, तर त्यातून मी नेमके काय दाखवले असे म्हणता येईल? दुसरी शंका अशी की, आम्हाला आजवर चोवीस तासांचा आहार-आढावा घ्यायला शिकवले गेले आहे. माणसाने काल काय खाल्ले ते विचारण्याऐवजी ‘तुमचे पोट लवकर भरते का’ असे विचारणे शास्त्रीयदृष्ट्या कच्चे नाही का? तिसरी अडचण प्रत्यक्षातली आहे. मराठी मसुदा ओळखीच्या काही जणांकडून भरून घेतला, तेव्हा ‘लवकर पोट भरणे’ या उपघटकातली चार विधाने एकमेकांशी जुळेनात. ‘जेवण संपल्यावर माझ्या ताटात बऱ्याचदा अन्न उरते’ या विधानाला जवळजवळ सगळ्यांनी ‘अजिबात सहमत नाही’ असे उत्तर दिले आणि त्यांतल्या कित्येकांनी ‘माझे पोट चटकन भरते’ याला मात्र होकार दिला. हे विधान गाळून टाकावे का?

मध्यमान

आपल्या दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण तिथे गाठ सुटली की पहिलीचे उत्तर सोपे होते. आहार-आढावा आणि ही प्रश्नावली एकाच गोष्टीची दोन मापे नाहीत. आढाव्यातून काय आणि किती खाल्ले याचा अंदाज मिळतो, तर प्रश्नावलीतून अन्न समोर आल्यावर, पोट भरत आल्यावर किंवा मन अस्वस्थ असताना माणूस सर्वसाधारणपणे कसा वागतो, याचे त्याने स्वतः केलेले वर्णन मिळते. काल काय खाल्ले हे रोज बदलते, परंतु भुकेची आणि तृप्तीची ठेवण बरीच टिकाऊ असते असे या प्रश्नावलीमागचे गृहीतक आहे. ते हवेतून आलेले नाही. प्रौढांची ही प्रश्नावली ज्या लहान मुलांच्या प्रश्नावलीवरून बेतली आहे, ती जेन वॉर्डल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली तयार केली. त्याच गटाने पुढे जुळ्या मुलांच्या अभ्यासांत तिचा वापर केला. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००७ साली जन्मलेल्या जुळ्यांच्या ‘जेमिनाय’ अभ्यासात तान्हेपणीच्या दूध पिण्याच्या वर्तनाबद्दल आईवडिलांना विचारले गेले. सावकाश पिण्यातील फरकांचा सुमारे ८४ टक्के भाग आणि लवकर पोट भरण्यातील फरकांचा सुमारे ७२ टक्के भाग आनुवंशिकतेने स्पष्ट होतो, असा त्यातून अंदाज निघाला. (हे आकडे त्या समूहातील माणसामाणसांमधल्या फरकांबद्दलचे आहेत. ‘तुमची भूक ८४ टक्के आईवडिलांकडून आली’ असा त्यांचा अर्थ नव्हे, आणि तोंडी परीक्षेत यावर हमखास प्रश्न येतो.)

राहिला प्रश्न आहार-आढाव्याच्या शास्त्रीयतेचा. वजनाशी संबंध शोधताना त्याचीच बाजू जास्त लंगडी आहे. द्विचिन्हांकित पाणी (ज्यातील हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे अणू शरीरात ओळखता येतात असे पाणी) प्यायला देऊन शरीराने प्रत्यक्ष किती ऊर्जा खर्च केली हे मोजता येते, आणि ज्याचे वजन स्थिर आहे त्याने साधारण तेवढीच ऊर्जा खाल्लेली असते. या पद्धतीने पडताळणी केली की लोक आपले खाणे कमी सांगतात हे पुनःपुन्हा दिसते; आणि खरी पंचाईत अशी की वजन जास्त असलेले लोक सरासरीने अधिक कमी सांगतात. डाएट करूनही वजन उतरत नाही अशी तक्रार असलेल्या लोकांच्या एका छोट्या गटाचा १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये असा अभ्यास झाला. त्यांनी आपले खाणे सरासरी ४७ टक्क्यांनी कमी आणि हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त नोंदवली होती. ज्या मापातली चूक वजनाबरोबर वाढत जाते, त्याचा वजनाशी सहसंबंध काढून हाती काय लागणार? प्रश्नावलीतही लोक स्वतःला बरे दाखवतात, हे मान्य. पण ‘आवडीच्या पदार्थाचा वास आला की खावेसे वाटते’ हे कबूल करताना वड्यांचा नेमका आकडा सांगण्याइतका संकोच होत नाही.

आता पहिली शंका. आपल्याला संबंध सापडला तर तो सहसंबंधाच्या भाषेत (० म्हणजे संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध) ०.२ च्या आसपास किंवा त्याहूनही कमी असेल, अशी मनाची तयारी ठेवावी. ०.२ चा वर्ग ०.०४, म्हणजे बीएमआयमधल्या फरकांपैकी चारच टक्के या एका प्रवृत्तीशी निगडित आहेत. हे काही कमी दर्जाचे संशोधन ठरत नाही. वजन हे वय, लिंग, झोप, पगार, कचेरीतले बैठे काम, औषधे, बाळंतपणे आणि अन्नाची उपलब्धता या सगळ्यांतून घडते, त्यामुळे त्यातला कोणताही एक धागा ओढून फार मोठा गुंता सुटत नाही. मात्र एकदाच घेतलेल्या पाहणीतून दिशा कळत नाही. अन्नाकडे ओढ जास्त म्हणून वजन वाढले, की वजन वाढले आणि ‘मी खादाडच आहे’ असे चारचौघांनी सांगितल्यामुळे माणूस स्वतःचे वर्णन तसे करू लागला, या दोन्ही शक्यता आपल्या आकड्यांत सारख्याच दिसतील. प्रबंधात ‘परिणाम’ हा शब्द वापरू नये. ‘संबंध’ एवढेच म्हणावे.

तांत्रिक बाबी दोनच सांगतो. या प्रश्नावलीचे एकूण गुण काढायचे नसतात, प्रत्येक उपघटकाची सरासरी वेगळी काढायची असते. काही विधाने उलट दिशेने मोजावी लागतात (उदाहरणार्थ, जेवण लवकर संपते हे विधान ‘सावकाश जेवणे’ या उपघटकात आहे). ‘भूक’ हा उपघटक तर सुरुवातीपासूनच अडचणीचा ठरला आहे. तो वगळला की उरलेल्या सात उपघटकांची रचना अधिक नीट जुळते असे मूळ लेखकांनाच आढळले होते, त्यामुळे आपणही दोन्ही रचना तपासाव्यात.

ताम्हण

मी गेली बरीच वर्षे रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, त्यामुळे रानजाई यांच्या तिसऱ्या अडचणीबद्दल लिहिते. ताटाच्या त्या विधानाला मिळालेली उत्तरे मला मुळीच अनपेक्षित वाटत नाहीत. आपल्याकडे पानात टाकणे हा पोट भरल्याचा पुरावा मानला जात नाही, तो बेशिस्तीचा पुरावा मानला जातो. ‘उदरभरण नोहे’ म्हणत ज्यांनी जेवणाला सुरुवात केली, ‘लागेल तेवढेच घे, पण घेतलेले संपव’ हे ज्यांनी रोज ऐकले, ती माणसे पोट भरल्यावरही शेवटचा भात ताकाबरोबर ढकलतात आणि पान स्वच्छ करून उठतात. ज्याची तृप्तीची जाणीव तीक्ष्ण असते तो वाढून घेतानाच हात आखडता घेतो, म्हणून त्याच्या ताटात काहीच उरत नाही आणि त्या विधानावर त्याला सगळ्यांत कमी गुण मिळतात. घरात उरलेले संपवण्याची जबाबदारी जिच्यावर असते, तिच्या बाबतीत तर हे विधान तिच्या भुकेबद्दल काहीच सांगत नाही. दुपारी तीनला दोन पोळ्या आणि वाटीभर आमटी ‘उगाच वाया नको’ म्हणून खाल्ली जाते, आणि आहार-आढाव्यातही ती हमखास राहून जाते, कारण तिच्या लेखी ते जेवण नसतेच.

तरीही विधान गाळू नये असे माझे मत आहे. ते गाळले तर इतर देशांतील निष्कर्षांशी तुलना करण्याची सोय जाते. ३५ विधाने जशीच्या तशी ठेवावीत, त्या उपघटकाची विश्वसनीयता (म्हणजे त्यातली विधाने एकमेकांशी किती जुळतात) हे विधान धरून आणि सोडून अशा दोन्ही प्रकारे द्यावी, आणि शेवटी स्वतंत्रपणे ‘पोट लवकर भरते म्हणून मी आधीच कमी वाढून घेतो/घेते’ यासारखे एखादे विधान जोडावे. ते मूळ गुणांत मिळवू नये. मोठ्या पाहणीपूर्वी आठ-दहा जणांना समोर बसवून, विधान वाचताना त्यांच्या मनात नेमके काय येते ते मोठ्याने बोलायला सांगावे. माझा अंदाज असा की ‘जेवायला उशीर झाला तर मला गरगरते’ या विधानावर कोणी उपासाबद्दल बोलेल, कोणी पित्ताबद्दल आणि कोणी मधुमेहाच्या गोळीबद्दल. तिसऱ्या माणसाचे उत्तर भुकेच्या प्रवृत्तीत धरायचे की नाही, हे आधीच ठरवून ठेवावे लागेल.

पाहणीच्या काळाचाही विचार करावा. श्रावण, नवरात्र आणि दिवाळी या काळात भरून घेतलेली उत्तरे वैशाखातल्या उत्तरांशी कशी जुळणार? प्रश्नावलीतली विधाने सर्वसाधारण सवयीबद्दल असली तरी माणूस समोरच्या आठवड्यावरूनच उत्तर देतो. एखाद्या महिन्यात निम्मे लोक सोमवारी साबुदाण्याच्या खिचडीवर असतात आणि त्याला उपास म्हणतात, हा वेगळाच विषय आहे.

वजन आणि उंची मात्र स्वतः मोजावी, विचारून लिहून घेऊ नये. लोक उंची वाढवून आणि वजन घटवून सांगतात, आणि बीएमआयमध्ये उंचीचा वर्ग असल्यामुळे ती चूक मोठी होते. शिवाय आपल्याकडे निव्वळ बीएमआयवर थांबणे योग्य नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपले आणि लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले होते. दोघांचाही बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! भारतीयांसाठी २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरण्याची शिफारस याच कारणाने झाली. म्हणून कमरेचा घेर अवश्य घ्यावा, आणि तो कपड्यांवरून घेऊ नये. पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा आपल्याकडे वापरली जाते. कचेरीत स्त्रियांचे मोजमाप घ्यायला एक बंद खोली आणि एक स्त्री सहकारी लागेल, याची व्यवस्था नीतिसमितीच्या अर्जातच लिहून टाकावी.

रानजाई

दोघांचेही मनापासून आभार. ताम्हणताई, दुपारच्या ‘वाया नको’ जेवणाचा मुद्दा मी मुलाखतीत नक्की घेईन. अजून एक विचारते. माझ्या संभाव्य उत्तरदात्यांपैकी अनेक जण कायम कुठल्या ना कुठल्या डाएटवर असतात. कोणी दिवसातून दोनदाच जेवतात, कोणी रात्री फक्त सूप घेतात. एईबीक्यूमध्ये या जाणीवपूर्वक घातलेल्या बंधनांबद्दल एकही विधान नाही. त्यासाठी वेगळी प्रश्नावली जोडावी का?

थेम्सकाठ

मी इंग्लंडमध्ये वजन-व्यवस्थापनाच्या दवाखान्यात काम करतो आणि हा प्रश्न आमच्याकडे रोजचा आहे. खाण्यावरील संयम मोजणारी साधने एईबीक्यूपेक्षा जुनी आहेत. स्टंकार्ड आणि मेसिक यांची १९८५ सालची ५१ प्रश्नांची ‘थ्री फॅक्टर ईटिंग क्वेश्चनेअर’ संयम, संयम सुटणे आणि भूक या तीन गोष्टी मोजते. तर नेदरलँड्समध्ये १९८६ साली तयार झालेली ३३ प्रश्नांची ‘डच ईटिंग बिहेवियर क्वेश्चनेअर’ संयम, भावनिक खाणे आणि बाह्य प्रलोभनाने खाणे यांचे मापन करते. पहिलीचे १८ प्रश्नांचे संक्षिप्त रूपही आहे, ते स्वीडनमधील लठ्ठ व्यक्तींच्या मोठ्या अभ्यासातून २००० साली निघाले. त्यातले संयमाचे सहा प्रश्न आपल्या कामाला पुरतील. पूर्ण दुसरी प्रश्नावली जोडल्यास कचेरीतली माणसे विसाव्या विधानानंतर न वाचताच खुणा करू लागतील.

पण संयमाचे गुण आणि वजन यांचा संबंध वाचताना फार जपावे लागते. संयम जास्त तर वजन कमी असे सरळ अपेक्षेने पाहिले, तर सर्वसाधारण लोकसंख्येत अनेकदा उलटेच दिसते, कारण ज्याचे वजन वाढू लागते तोच संयम सुरू करतो. मध्यमान यांनी दिशेचा जो मुद्दा मांडला त्याचे याहून चांगले उदाहरण सापडणार नाही. म्हणून गेल्या वर्षभरात वजन मुद्दाम कमी करण्याचा प्रयत्न केला का, केला असल्यास किती उतरले आणि किती परत आले, हे साधे प्रश्न वेगळे विचारावेत.

परत येणाऱ्या वजनाचा उल्लेख मुद्दाम केला, कारण भुकेची प्रवृत्ती टिकाऊ असली तरी ती अचल नसते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवले. ज्यांना पूर्वी जेवणात विशेष रस नव्हता असे तरुणही दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले, पाककृती जमवू लागले आणि ताटल्या चाटू लागले. त्यांच्याकडून ही प्रश्नावली त्या काळात भरून घेतली असती, तर अन्नाच्या ओढीचे गुण कमालीचे वाढलेले दिसले असते, आणि वजन मात्र सर्वांत कमी असते. ऑस्ट्रेलियात २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही, वजन कमी केल्यानंतर भूक वाढवणारी आणि तृप्ती देणारी संप्रेरके वर्षभरानेसुद्धा मूळ पातळीला आलेली नव्हती. आपल्या नमुन्यात नुकतेच दहा किलो उतरवलेला माणूस असेल तर त्याचा बीएमआय आणि त्याची भूक परस्परविरुद्ध साक्ष देतील. आणखी एक गोष्ट आता विचारावीच लागेल, ती म्हणजे सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपॅटाइडसारखे भूक कमी करणारे इंजेक्शन. भारतातही ही औषधे मिळू लागली आहेत, आणि ती घेणारे आमचे रुग्ण पहिल्या काही आठवड्यांतच ‘डोक्यातला खाण्याचा गलका थांबला’ असे सांगतात. अशा व्यक्तींना पाहणीतून वगळावे किंवा त्यांचे विश्लेषण स्वतंत्र करावे.

प्रवृत्तीच्या जोडीला परिस्थितीचाही एखादा प्रश्न असावा असे मला वाटते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २०१९ साली २० प्रौढांना दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त आणि दोन आठवडे कमी प्रक्रिया केलेले जेवण हवे तितके खाऊ दिले. माणसे तीच, त्यांच्या प्रवृत्ती त्याच, तरी पहिल्या प्रकारात ती रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती आणि भरभर खात होती. आपल्या उत्तरदात्यांच्या कचेरीत दुपारी डबा असतो की उपाहारगृह, आणि चारच्या चहाबरोबर टेबलावर काय येते, एवढे टिपले तरी पुष्कळ.

मध्यमान

थेम्सकाठ यांच्या सूचनेशी सहमत आहे, फक्त नमुन्याच्या आकाराचे लिहायचे राहिले होते. ०.२ इतका सहसंबंध ८० टक्के सामर्थ्याने (म्हणजे तो खरोखर असल्यास सापडण्याची शक्यता ८० टक्के राहील असा) पकडायचा असेल तर किमान १९४ व्यक्ती लागतात. वय आणि लिंग यांचा प्रभाव वजा करून पाहायचे असल्यामुळे आणि काही अर्ज अर्धवट भरलेले येणार असल्यामुळे अडीचशेचे लक्ष्य धरावे. घटकरचना (विधाने ठरलेल्या उपघटकांत जुळतात का) तपासण्यासाठीही एवढी संख्या ठीकठाक आहे. आठ उपघटकांची बीएमआयशी आणि पुन्हा कमरेच्या घेराशी अशी १६ वेळा तुलना केली, तर एखादा निष्कर्ष निव्वळ योगायोगानेही लक्षणीय ठरेल. त्यामुळे मुख्य गृहीतके दोनच ठेवावीत. माझ्या मते ती ‘अन्न समोर आले की खावेसे वाटणे’ आणि ‘लवकर पोट भरणे’ यांच्याबद्दलची असावीत, आणि मार्गदर्शक बाईंची त्यांवर तारखेसह सही पाहणी सुरू होण्यापूर्वी घ्यावी. ताटाच्या विधानाचे दोन्ही प्रकारचे आकडे हाती आले की इथे जरूर टाका. वसतिगृहात राहणारे आणि घरी जेवणारे यांच्यात त्या विधानापुरता फरक पडतो का, हे मलाही पाहायचे आहे.